आधी डाग ओळख

मने, काल रात्री फोनवर चादरीचं सांगता सांगता तू एकदम गप्प झालीस, तेव्हाच मला कळलं की गोष्ट नुसती चादरीची नाही. आईने कौतुकाने दिलेली सोलापूरची पांढरी चादर. सहा महिन्यांत तिच्यावर तांबूस-पिवळट झाक आली. त्यात सासूबाई गावाहून चार दिवस आल्या आणि सहज बोलून गेल्या, "आमच्याकडे नाही हो कपडे असे होत." त्यानंतर तू दोनदा ती चादर ब्लीचमध्ये घातलीस, आणि ती आणखीच तांबडी झाली. मग तू मला विचारलंस, "ताई, मला घर नीट ठेवताच येत नाही का गं?"

येतं. चांगलं येतं. तुझ्या हाताला दोष नाही, तुझ्या पाण्यात लोखंड आहे. सासूबाईंच्या गावच्या घरी विहीर आहे आणि तुझ्या कोकणातल्या बिऱ्हाडात बोअरिंग. त्यांचंही खरं, तुझंही खरं. मी रत्नागिरीत अकरा वर्षं बोअरिंगच्या पाण्याने धुणं धुतलंय, म्हणून हे छातीठोक सांगते.

आज रात्री एक कर. पांढरी प्लास्टिकची बादली घे, बोअरिंगचं पाणी भर आणि ओट्याखाली तशीच ठेवून दे. भरताना पाणी काचेसारखं नितळ दिसेल. सकाळी वाकून बघ. वर तेलाच्या तवंगासारखा पातळ, चकाकता पापुद्रा धरलेला असेल आणि तळाशी विटकरी गाळ बसलेला असेल. जमिनीच्या पोटात हवा नसते, म्हणून तिथे लोखंड पाण्यात विरघळून राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो. तुमच्याकडचा जांभा लाल दिसतो तो ह्याच लोखंडामुळे. लिटरमागे 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की कपड्यांवर डाग पडायला लागतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याविषयी लिहिताना नमूद केलंय. बघ, केवढंसं ते!

आता तुझ्या चादरीचं काय झालं ते तुझं तुलाच उमगेल. तू कपडे रात्रभर भिजत घालतेस. जो गाळ बादलीच्या तळाशी बसायचा, तो चादरीच्या धाग्याधाग्यांत बसला. वर तू ब्लीच ओतलंस. हवेला जे करायला रात्र लागते, ते ब्लीच काही मिनिटांत करतं. पाण्यात राहिलेलं सगळं लोखंड त्याने तिथल्या तिथे गंजवून कापडात पक्कं केलं. गंजाच्या डागाला ब्लीच कधीही लावायचं नाही, हे एवढं मनावर कोरून ठेव.

गंजाला आंबट लागतं. वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळतं, तेच ते सायट्रिक ॲसिड. चादर आधी साध्या पाण्यात दोनदा खळबळून तिच्यातलं ब्लीच पूर्ण काढून टाक. मग अर्धी बादली कोमट पाण्यात तीन-चार मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळव, चादर तासभर बुडवून ठेव आणि अधूनमधून चुबकत राहा. पाणी पिवळं व्हायला लागलं की समज, लोखंड सुटतंय. एकदाने भागलं नाही तर पुन्हा कर. छोटा डाग असेल तर लिंबू पिळून वर मीठ चोळ आणि उन्हात ठेव. नंतर मात्र चांगलं खळबळून काढ, आंबट पाणी सुती कापडात राहू देऊ नकोस. आणि इथून पुढे धुण्याचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवत जा. सकाळी तळ न ढवळता वरचं पाणी फडक्यातून गाळून घे. भिजवायचंही अर्धा तासच.

शिवाय तुझ्याजवळ सोलापुरात कुणाला एवढी मिळणार नाही अशी एक गोष्ट आहे, पागोळ्यांचं पाणी. जून ते सप्टेंबर आभाळातून तुझ्या दारात फुकट पाणी पडतं. त्यात लोखंड नाही, चुना नाही. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ देत, मग पागोळीखाली पिंप लाव. पत्रा गंजका असेल तर तिथे नको, कौलांखाली लाव. रत्नागिरीत मी वर्षाच्या सगळ्या पांढऱ्या चादरी, पंचे, अभ्रे श्रावणापर्यंत राखून ठेवायचे आणि ह्या पाण्यात धुवायचे. अर्ध्या साबणात भरभरून फेस यायचा.

इकडे सोलापूरला परत आल्यावर माझं दुखणं वेगळं. इथे गंज नाही, इथे पाणी जड. काळ्या पत्थरातून आलेल्या बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. साबण आधी त्यांच्याशीच जुळतो आणि दह्यासारखा पांढरा चोथा होतो. तो पाण्यात विरघळत नाही, टॉवेलच्या दोऱ्यांत अडकतो आणि पुढचा सगळा मळ धरून ठेवतो. म्हणून टॉवेल करडा होतो, वाळल्यावर पापडासारखा कडक होतो आणि अंग टिपत नाही. पाणी जड आहे का हे बघायचं असेल तर अर्धी बाटली पाण्यात साध्या साबणाचा कीस टाकून हलव. फेस आला तर बरं, पाणी दुधट होऊन वर कण तरंगले तर जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलाय. इकडच्या कितीतरी बोअरिंगांना तीही मर्यादा पुरत नाही. अशा पाण्यात धुण्याचा सोडा आधी घालायचा आणि साबण मागून. सोड्याने चुना खाली बसतो आणि साबण कपड्याच्या कामाला येतो. कपडे मळकट दिसले की आपण साबण वाढवतो, तिथेच चुकतं. मशीनमध्येही तसंच. पावडर जास्त आणि कपडे दाबून भरलेले, म्हणजे निघालेला मळ फिरून फिरून त्याच कपड्यांवर बसतो. ड्रमचा वरचा वीतभर भाग मोकळा राहू दे. आणि टॉवेलांना ते सुगंधी मऊ करणारं पाणी घालू नकोस. त्याचा पातळ लेप बसतो आणि टॉवेल पाणी प्यायचा बंद होतो.

आता हळदीचं. तू म्हणालीस, आमटी सांडली म्हणून टेबलावरचा कपडा लगेच साबणाने घासला, तर डाग लाल झाला आणि तू घाबरलीस. घाबरायचं काहीच नाही त्यात. हळदीतला पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा. हळदीत ते साधारण 2 ते 5 टक्केच असतं, पण तेवढं पुरतं. त्याला सोडा, चुना, साबण असं काही क्षाराचं लागलं की ते लाल होतं. आपल्याकडे हळदीचंच कुंकू करतात ना, ते ह्याच गुणावर. साबण लावलास तेव्हा तुझ्या टेबलक्लॉथवर हळदीचं कुंकू झालं, एवढंच. त्यावर लिंबाचे दोन थेंब टाक, डोळ्यांदेखत पुन्हा पिवळं होईल.

पण पिवळं झालं म्हणजे गेलं नव्हे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आमटीची फोडणी तेलाची, म्हणजे हळद तेलात बसून कापडात शिरते. नुसतं पाणी मारून ती हलणार नाही. आधी चमच्याने वरचं निपटून घे, चोळायचं नाही. मग कोरड्या डागावरच भांड्यांचा पातळ साबण दोन थेंब लाव, बोटाने हलकं फिरव आणि दहा मिनिटांनी धू. तेल गेलं की निम्मी हळद त्याच्याबरोबर जाते. उरलेलीला ऊन दाखव. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. डाग ओला असतानाच कपडा कडक उन्हात पसर, संध्याकाळी बघ आणि गरज पडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून पसर. आईच्या हाताखाली मी हे इतक्यांदा पाहिलंय, की हळदीच्या डागाचं मला कधी दडपण आलंच नाही. लग्नाच्या हळदीचे कपडेही असेच निवळतात. रेशमी असेल तर मात्र हात लावू नकोस, सरळ धुलाईवाल्याकडे दे, आणि देताना हळद आहे हे सांग.

मसोत्यांचं तू विचारलंस. ओट्यावरचा मसोता काळवंडतो, ओशट होतो आणि कितीही धुतला तरी वास जात नाही. त्याचं कारण जुनं तेल. तेल कापडात राहिलं की हवेने हळूहळू घट्ट होत जातं. कढईच्या कडांवर जो चिकट पिवळा थर धरतो ना, तोच मसोत्याच्या धाग्यांवर बसतो. ताजा असताना गरम पाण्याने आणि साबणाने जाईल, महिनाभराने नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या पातेल्यात पाणी उकळ, मूठभर धुण्याचा सोडा टाक आणि सगळे सुती मसोते त्यात पंधरा मिनिटं शिजव. तेलाशी सोडा मिळाला की तिथल्या तिथे साबणच तयार होतो. पातेलं ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. स्टीलचं घे.

आणि फडकी वेगळी ठेव गं. पोळ्यांच्या डब्यातला रुमाल, ताटं पुसायचा कपडा, ओट्याचा मसोता, लादी पुसायचं पोतेरं, सगळी एकाच बादलीत पडली की डब्यातल्या रुमालालाही पोतेऱ्याचा रंग येतो. विळी पुसलेला ओला कपडा विळीवरच ठेवू नकोस, गंज उतरतो. तांब्या-पितळेची भांडी पुसलेला कपडा लिंबू-चिंचेसकट तसाच पडला की हिरवट होतो, तो त्या धातूचा कळंक. वलणीची तार लोखंडी असेल तर आजच बदल, नाहीतर प्रत्येक चादरीवर मधोमध तांबडी रेघ उठेल.

कोकणातले डाग तुला नवीन आहेत म्हणून सांगते. केळफूल निवडताना जुना गाऊन घालत जा. केळीचा चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि हवा लागून काळा-तपकिरी होतो. काजूच्या बोंडाचा रसही तसाच. हे डाग लागल्या लागल्या खोबरेल चोळून मग साबणाने धुतले तर जातात. एकदा का काळे झाले, की माझ्या हातून तरी आजवर एकही गेला नाही, तुझ्याकडूनही जाणार नाही. त्यात वेळ घालवू नकोस. कोकमाचा डाग साबणाने निळसर-हिरवट दिसेल, तो गार पाण्याने जातो, आधी साबण नको. चहाचं जरा निराळं. चहातलं तुरट द्रव्य आणि तुझ्या पाण्यातलं लोखंड एकत्र आलं की डाग निळा-काळा पडतो. हिरडा आणि गंजलं लोखंड मिळवून पूर्वीपासून कापडाला काळा रंग देतात, तोच प्रकार तुझ्या ट्रेवरच्या रुमालावर होतो. म्हणून चहा सांडला तर ताबडतोब पिण्याच्या गार पाण्यात बुडव. बोअरिंगचं पाणी नको आणि गरमही नको, कारण चहात दूध आहे. दूध, अंडं, रक्त हे सगळं गरम पाण्याने शिजतं आणि कापडाला धरून बसतं.

पावसाळ्यात चादरींवर काळे बारीक ठिपके येतात ती बुरशी. तिला ओल लागते आणि कापूस हे तिचं खाणं. ती धाग्यावर बसत नाही, धाग्यात घुसते, म्हणून जुने ठिपके निघत नाहीत आणि कापड तिथे विरतं. कपडा वाळला का हे हाताने कळत नाही, गालाला लावून बघ. गार लागला तर आत ओल आहे, घडी घालू नकोस. पंख्याखाली दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून घाल आणि शेवटी इस्त्री फिरव. खळ घातलेले कपडे पावसाळाभर कपाटात ठेवायचे नाहीत, खळीवर बुरशीही येते आणि कसरही. नवे ठिपके पांढऱ्या सुती कापडावर असतील तर तिथे ब्लीच वापर, पण पागोळ्यांच्या पाण्यात.

ब्लीचचं निघालंच आहे तर एक गोष्ट मी तुला रागावून सांगते. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नकोस. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरसुद्धा त्यात नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो. डाग राहिला तर राहू दे.

निळीबद्दल तू विचारलं होतंस. नीळ मळ काढत नाही. पिवळटावर निळी झाक आली की डोळ्यांना पांढरं दिसतं, एवढंच तिचं काम. स्वच्छ कापडाला शेवटच्या पाण्यात पातळ नीळ द्यावी, शोभते. मळलेल्या कपड्याला दिली तर तो राखाडी दिसतो. अभ्रे पिवळे पडतात ते डोक्याच्या तेलाने आणि घामाने. त्यांना नीळ नको, कोमट पाणी आणि साबण हवा, तोही दर आठवड्याला. कपाटात ठेवलेल्या चादरीवर घडीवर पिवळे पट्टे दिसतात, तेही असेच न धुतलेल्या घामाचे. ठेवणीतलं काहीही धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेव.

आता राहिलं ते तू फोनवर अर्धवट बोललीस आणि आवाज खाली केलास. पाळीचे कपडे. तुमच्याकडे ते न्हाणीघराच्या मागे, परकराखाली झाकून वाळत घालतात. तूही तसंच करतेस, आणि त्यांना वास येतो, डाग तपकिरी होऊन बसतात. मने, हे मी तुला आईसारखं सांगते, नीट ऐक. रक्तातही लोखंडच आहे. शिळं झालं की तेही तपकिरी होतं. म्हणून लगेच गार पाण्यात मीठ टाकून बुडव, पाणी दोनदा बदल, मग साबण लाव. गरम पाणी शेवटी, डाग गेल्यावर. इथवर तर तुला येतंच. खरी खोट पुढे आहे. अंधारात, दमट जागी, दुसऱ्या कपड्याखाली तो पूर्ण वाळतच नाही. त्यात बुरशी धरते, जंतू वाढतात, आणि तोच कपडा तू पुढच्या महिन्यात अंगाला लावतेस. खाज, जळजळ ह्या तक्रारी तू मला मागेही सांगितल्या होत्यास. डॉक्टरांना दाखवच, लाजू नकोस, पण कपडाही बदल. नवं सुती कापड काढ, जुने टाकून दे.

आमटीच्या डागाला आपण ऊन दाखवतो, चादरीला दाखवतो, पोतेऱ्यालाही कुंपणावर टाकतो. ह्याच एका कपड्याला घरात ऊन मिळत नाही. आईनेही आम्हाला ते लपवूनच वाळवायला शिकवलं, तिला तिच्या आईने तसंच शिकवलं होतं. मी रत्नागिरीला गेल्यावर तिसऱ्या वर्षी ते वलणीवर, सरळ उन्हात घालायला लागले. शेजारणीने एकदा पाहिलं, काही बोलली नाही, आणि पुढच्या महिन्यात तिच्याही वलणीवर तसलेच कपडे होते.

सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग. म्हणावं, ताईने सांगितलंय, डॉक्टरही हेच सांगतात. पण उद्यापासून ते कपडे पुढच्या अंगणातल्या वलणीवर, सकाळच्या उन्हात वाळत घाल. झाकून नको.